सुई वाढली

आईनं माझं नाव शीतल ठेवलं, आणि तिथंच बिचारीचा अंदाज चुकला. माझं डोकं किती लवकर तापतं हे आमच्या ऑपरेशन थिएटरात सफाईवाल्या मावशींपासून भूलतज्ज्ञांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण पुण्याच्या निवड केंद्रातल्या त्या गारेगार खोलीत मी जी तापले त्याला कारण होतं. ते कारण मी कुणाहीपासून लपवणार नाही.

मी मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात चौदा वर्षं स्क्रब नर्स आहे. म्हणजे सर्जनशेजारी उभं राहून हत्यारं हातात द्यायची आणि पोटात गेलेली प्रत्येक सुई, प्रत्येक गॉज मोजून परत घ्यायचं. मोजणी जुळल्याशिवाय पोट शिवायचं नाही, हा आमचा धर्म. चौदा वर्षं मी लोकांच्या पोटात बघत आले, पण टाका घालायचा हक्क मला नाही. मोजणी जुळली नाही तर मी तोंडानं सांगू शकते, थांबवू शकत नाही. थांबायचं की नाही ते सर्जन ठरवणार.

म्हणून नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आला तेव्हा मी उडीच मारली. चार शाखा: कुटुंब आरोग्य, अतिदक्षता, वृद्धसेवा आणि शल्य. शल्य शाखा केलेल्या नर्सला टाके घालता येतात, सर्जनची पहिली मदतनीस म्हणून उभं राहता येतं. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोजणी जुळत नसेल तर ऑपरेशन थांबवायचा लेखी अधिकार मिळतो. अट एकच, वय बेचाळीसच्या आत. मला एकेचाळीस पूर्ण झाली होती. म्हणजे हीच खेप.

समोर बसलेले दातार नावाचे समुपदेशक पडद्याकडं बघत म्हणाले, "मगदूम मॅडम, तुमच्यासाठी वृद्धसेवा सुचवली आहे. फार छान शाखा आहे."

"छान असेलच. सासूबाईंचं अंथरुणातलं सगळं मी नऊ वर्षं केलंय. पण मी अर्ज शल्यचा केलाय."

"साक्षीच्या नोंदींवरून शल्य शाखेसाठी तुम्ही योग्य ठरत नाही."

"कशात कमी पडले?"

त्यांनी जरा अवघडून पडदा माझ्याकडं वळवला. तिथं लिहिलं होतं: गणनादोष, एकतीस. म्हणजे पाच वर्षांत एकतीस वेळा माझी मोजणी चुकली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तुम्ही उद्धट म्हणा, तोंडाळ म्हणा, पण मोजणीत चुकते म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही.

"ही यादी मला द्या," मी म्हटलं.

"मॅडम, यादीनं काही बदलत नाही."

"माझ्या नावानं केलेली यादी आहे ना? मग द्या."

*

साक्षी म्हणजे काय ते इथं सांगून टाकते. पाच वर्षांपूर्वी सगळ्या मोठ्या थिएटरांत ती बसवली. ऑपरेशनच्या टेबलावरच्या दिव्यात तिचे चार कॅमेरे असतात आणि प्रत्येकाच्या मास्कमध्ये गव्हाच्या दाण्याएवढा एक माइक. आम्ही काय बोलतो ते ती ऐकते, काय करतो ते बघते, आणि बोलणं आणि करणं एकमेकांशी ताडून नोंद लिहिते. आधी ही नोंद आम्ही हातानं लिहायचो. आता हातानं लिहायची सोय काढूनच टाकली, कारण माणूस खोटं लिहितो आणि यंत्र लिहीत नाही, असं सांगण्यात आलं. बोलणं आणि दिसणं जुळलं नाही की एक ओळ तयार होते आणि त्या ओळीपुढं कुणाचं तरी नाव लागतं.

घरी आल्यावर माझे मिस्टर, अजित, आणि मी यादी घेऊन बसलो. ते हायस्कूलला भूगोल शिकवतात आणि मी तापले की आवाज खाली आणतात. मी प्रत्येक केसनंतर एका छोट्या डायरीत तारीख, पेशंटचं नाव आणि एखादा शब्द लिहून ठेवते. यादीतली तारीख मी वाचायची आणि डायरीत ते शोधायचे, असं चाललं होतं.

"तीन मार्च. अगं, इथं 'धागा वा.' लिहिलंय."

"पुढं."

"एकोणीस एप्रिल. 'सुई वा.' सात जून, 'धागा वा.' शीतल, हे 'वा' काय आहे? वाईट?"

"वाढला. धागा वाढला, सुई वाढली. संपला, मोडली."

ते हसले. "थिएटरात असं बोलता तुम्ही?"

"मग काय. थोरात सिस्टरांनी शिकवलंय."

थोरात सिस्टर म्हणजे माझ्या गुरू, आता निवृत्त. त्यांचं म्हणणं असं, की कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिलेला पेशंट जागा असतो. पडद्याच्या अलीकडं त्याचं डोकं आणि पलीकडं आपण. त्याला सगळं ऐकू जातं. 'सुई मोडली' म्हटलं तर तो टेबलावरच दगावेल भीतीनं. म्हणून घरात बांगडी फुटली की आपण 'वाढली' म्हणतो, दिवा विझवायचा तर 'वाढवतो', तसंच इथं म्हणायचं. मिरजेच्या निम्म्या थिएटरांत त्यांच्या हाताखालच्या मुली आहेत आणि सगळ्या असंच बोलतात.

उरलेल्या सगळ्या तारखा ताडून बघता बघता अजितचं हसू थांबलं. "म्हणजे एकतीसच्या एकतीस वेळा तू 'वाढली' म्हणालीस," ते म्हणाले, "आणि त्या यंत्रानं ते खरोखरच वाढली असं धरलं."

मी चहाचा कप ठेवला. पाच वर्षं मी 'एक मोडली' म्हणत होते आणि साक्षी 'एक जास्त झाली' असं लिहीत होती. मग कॅमेऱ्यात जास्तीची सुई शोधायची. ती कुठून दिसणार? नाही दिसली की माझ्या नावापुढं दोष.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या हॉस्पिटलातल्या साक्षीचं काम बघणाऱ्या देवयानी टिळेकरांना गाठलं. हुशार बाई, आणि खोटं बोलत नाहीत. त्यांनी यादी वाचली आणि डोक्याला हात लावला.

"ताई, हिला शब्दाचा अर्थ कळत नाही," त्या म्हणाल्या. "एखादा शब्द आजवर कुठल्या शब्दांच्या शेजारी किती वेळा आला एवढं हिला माहीत असतं. त्यावरून जो अर्थ सगळ्यात जास्त शक्य तो ती धरते. वाढली म्हटलं की शंभरात सत्त्याण्णव वेळा काहीतरी जास्तच झालेलं असतं. महागाई वाढली, गर्दी वाढली, थंडी वाढली."

"आणि नारळ वाढवला?"

"नारळाचं येतं तिला. पुढारी रोज कुठंतरी वाढवतात, बातम्यांत असतं. बांगडीचं येत नाही. हिची मराठी वर्तमानपत्रं, पाठ्यपुस्तकं आणि भाषणांवर झालीय. बायका आपापसात काय बोलतात ते छापून कुठं येतं?"

"हे बसवताना आम्हाला विचारायला काय झालं होतं? एक दिवस थोरात सिस्टरांसमोर बसला असतात तर पुरलं असतं."

त्या यादी पुन्हा चाळायला लागल्या. मग मला जे टोचत होतं ते मी विचारलं. "मॅडम, सुई मोडल्यावर मी गप्प बसले असते तर?"

"टोकाचा तुकडा चार-पाच मिलीमीटरचा असतो. कॅमेऱ्याला तो फरक दिसत नाही. ओळच आली नसती."

झालं. आमच्या तीन नंबरच्या थिएटरात एक सिस्टर आहे. पाच वर्षांत तिनं एकदाही सुई मोडल्याचं तोंडातून काढलेलं नाही. सुया काय तिच्या मोडत नाहीत? सगळ्यांच्या मोडतात. तिचे गणनादोष शून्य आणि तिला शल्य शाखा मिळाली. मी एकतीस वेळा खरं बोलले तर एकतीस वेळा माझंच नाव लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

*

आता हवा होता साक्षीदार, यंत्र नव्हे, माणूस. डॉक्टर नरगुंदे. एकतीसच्या एकतीस ऑपरेशनं त्यांची. मोठा माणूस, हात सोन्याचा, चौदा वर्षांत माझ्यावर कधी ओरडले नाहीत. त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मी सगळं सांगितलं. ते आधी खो खो हसले.

"सुई वाढली. कमाल आहे. सिस्टर, काही काळजी करू नका. मी त्या निवड मंडळाला पत्र देतो की आमच्याकडं या शब्दाचा अर्थ मोडली असा आहे. शल्य शाखा तुम्हाला नाही तर कुणाला मिळणार? आणा ती यादी."

मी यादी दिली. ते पेन घेऊन एकेका ओळीवर खूण करत गेले आणि सतराव्या ओळीवर थांबले. पेनाचं टोपण लावलं. मला तेव्हाही कळलं नाही. मी पुढं वाकून नाव वाचलं, मुमताज जमादार, आणि मग मला तो दिवस आठवला.

गर्भाशय काढायचं ऑपरेशन होतं. शेवटच्या टाक्यांत सुईचं टोक मोडून गेलं. मी म्हटलं, "सर, सुई वाढली." आम्ही वीस मिनिटं शोधलं. एक्स-रेचं फिरतं मशीन हाडांच्या थिएटरात अडकलेलं. पेशंटचं ब्लड प्रेशर उतरायला लागलं होतं. सर म्हणाले, "राहू दे, नंतर बघू. नोंद झालीय ना?" आणि वर साक्षीच्या पडद्याकडं बघितलं. माझे डोळे ट्रॉलीवर होते. मी पडदा बघितला नाही.

"सर," मी विचारलं, "नंतर एक्स-रे केला होता ना आपण?"

"सिस्टर, पडद्यावर 'सुया: एक अधिक, एकही कमी नाही' असं आलं होतं. मला वाटलं तुम्हाला तुकडा सापडला."

"सापडला तर मी 'मिळाला' म्हणते. चौदा वर्षं ऐकताय तुम्ही."

ते खुर्चीत मागं टेकले. आवाज अगदी मऊ केला. "हे बघा, तेवढासा तुकडा काही करत नाही. पुष्कळांच्या अंगात असतात. त्या बाईंना दोन वर्षांनी जाऊन घाबरवायचं कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. तीस ओळींचं पत्र मी आजच देतो. तीस दोष गेले की एक दोष कुणीही माफ करतं. ही सतरावी ओळ तेवढी तुमच्या नावावर राहू दे."

"म्हणजे तिथं माझी मोजणी चुकली असं म्हणायचं?"

"एकदाच. शाखा मिळतेय ना?"

मला त्यांचा राग आला हे तर झालंच. पण खरं सांगते, एक क्षण मी मनात हो म्हणाले. चौदा वर्षं ज्याची वाट बघितली ते टेबलाच्या पलीकडं ठेवलेलं होतं आणि हात पुढं करायचा फक्त अवकाश होता. माझ्या त्या एका क्षणाची मला डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त चीड आहे.

"विचार करून सांगते," असं म्हणून मी उठले, आणि विचार न करता रिक्षात बसले.

*

जमादारांचं घर तंतुवाद्यवाल्यांच्या गल्लीत. दारात तंबोऱ्याचे भोपळे वाळत टाकलेले. मुमताजभाभी ओट्यावर बसून एका भोपळ्याला पॉलिश घासत होत्या, डावा हात कमरेखाली दाबून. त्यांनी मला मास्कशिवाय कधी बघितलं नव्हतं. मी नाव सांगितलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मी म्हटलं, "भाभी, मी तुमच्या ऑपरेशनला होते," तेव्हा त्यांचा घासणारा हात थांबला.

"आवाज ओळखला," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसले. पाणी आलं, ते मी प्यायले, आणि वाक्य जुळवत राहिले. शेवटी सरळ सांगितलं. "भाभी, त्या दिवशी आत एक सुई मोडली होती. टोक सापडलं नाही. ते तुमच्या पोटात असू शकतं."

"असू शकतं काय. आहे. मला माहीत आहे."

मी हातातला ग्लास खाली ठेवला.

"सिस्टर, मी जागी होते. तुम्ही म्हणालात, सुई वाढली. आमच्यात पण बांगडी वाढली म्हणतात. मिरजेतच जन्मले मी, मला मराठी येतं. मग तुम्ही सगळे गप्प झालात आणि शोधायला लागलात. मला वाटलं, आता ही बाई एवढं सांभाळून बोलतेय, म्हणजे बघून घेईल."

त्यांनी पॉलिशचं फडकं खाली ठेवलं. "तीन महिन्यांनी इथं दुखायला लागलं. तुमच्याच हॉस्पिटलला आले. म्हटलं, ऑपरेशनच्या वेळी सुई मोडली होती, फोटो काढा. त्यांनी कॉम्प्युटर उघडला. म्हणाले, रेकॉर्डला एकही सुई कमी नाही, उलट एक जास्त आहे. म्हणाले, भुलीत असे भास होतात. मी चार वेळा आले, सिस्टर. चौथ्या वेळी मला डोक्याच्या डॉक्टरकडं पाठवलं. आता घरातले पण म्हणतात, मुमताज, मनाचे खेळ आहेत."

आतून त्यांचे मालक, जमादारभाई, बाहेर येऊन दारात उभे राहिले होते. त्यांनी खाली बघितलं.

जिला कळू नये म्हणून आम्ही तो शब्द वापरला, तिला तो पहिल्या फटक्यात कळला होता. आणि तिला वेडी ठरवणारा कागद माझ्याच वाक्यातून तयार झाला होता. मी दोन दिवस माझ्या एकतीस ओळी घेऊन बोंबलत फिरत होते. त्यातल्या एका ओळीत एक बाई दोन वर्षं दुखणं घेऊन बसली होती आणि मी डायरीत 'वा.' लिहून पान उलटलं होतं. नोंद झाली म्हणून मी कधी चौकशी केली नाही. मला स्वतःची लाज वाटली.

"भाभी, मी लिहून देते. सही करते. उद्या सांगलीला दुसऱ्या दवाखान्यात फोटो काढू, मी बरोबर येते."

"तुमचं नुकसान होईल."

"होऊ दे."

"होऊ दे म्हणायला तुम्हाला दोन वर्षं लागली," त्या म्हणाल्या. रागानं नाही. म्हणून मला जास्त लागलं.

*

फोटोत ते दिसलं. वळलेलं, तांदळाच्या कणीएवढं, डाव्या बाजूला. मी हॉस्पिटलला लेखी जबाब दिला, सगळा, माझ्या चुकीसकट. देवयानी टिळेकरांनी त्या दिवसाचं मूळ ध्वनिमुद्रण जोडलं. डॉक्टर नरगुंदेंनी पत्र दिलं नाही हे सांगायला नको, आणि त्यांच्या ऑपरेशनच्या यादीतून माझं नाव निघालं. आठवड्याभरानं दातारांचा फोन आला. बिचारा माणूस खरोखर काकुळतीला आला होता.

"मॅडम, जमादार प्रकरणाची चौकशी लागली. त्यात तुमचं नाव आहे. चौकशी संपेपर्यंत शल्य शाखेचा अर्ज विचारात घेता येत नाही. वर्ष तरी जाईल."

"वर्षानं मी बेचाळीस पूर्ण होते."

"म्हणूनच फोन केला. वृद्धसेवेला असं काही बंधन नाही. तुमची जागा राखून ठेवली आहे. शुक्रवारी पाचपर्यंत पर्याय निवडा. कृपा करून नीट निवडा."

घरी अजित म्हणाले, "घे ते, शीतल. पदवी ती पदवी." थोरात सिस्टरांनी फोनवर तेच सांगितलं. दोघांनाही माझी काळजी होती आणि दोघांचंही चूक नव्हतं. वृद्धसेवा घेतली तर मी पुढं जाणार होते, मानानं. नाही घेतली तर जन्मभर हत्यारं देणारी राहणार होते, तेही कुणी टेबलाशी उभं केलं तर.

शुक्रवारीच मुमताजभाभींचं ऑपरेशन ठरलं, सांगलीच्या त्या दवाखान्यात, दुपारी तीनला. त्यांनी मला बोलावलं होतं, आत नाही, बाहेर बसायला. चौदा वर्षांत थिएटरबाहेरच्या बाकावर मी पहिल्यांदा बसले. आत असताना वेळ कसा जातो कळत नाही. बाहेर भिंतीवरच्या घड्याळाचा काटा हलतच नाही. जमादारभाई शेजारी तसबीचे मणी ओढत होते. 

साडेचारला दार उघडलं. एक अनोळखी सिस्टर मास्क खाली ओढत बाहेर आली. "जमादार? तुकडा निघाला. पेशंट व्यवस्थित आहेत. जाग्या होत्या, म्हणाल्या, आधी बाहेर सांगून या की मी खोटं बोलत नव्हते."

जमादारभाईंनी तोंडावर हात ठेवला आणि हमसून हमसून रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी झटकला नाही, एवढंच.

मग मी फोन काढला आणि मंडळाचं पान उघडलं. वृद्धसेवेपुढं हिरवी खूण होती: जागा उपलब्ध. शल्यपुढं लाल अक्षरांत: हा पर्याय निवडल्यास आपला अर्ज रद्द होऊ शकतो. खाली कारण लिहायला एक चौकोन होता. मी शल्य निवडलं आणि चौकोनात लिहिलं, "सुईचा तुकडा आत असताना पोट शिवू नका असं सांगूनही कुणी ऐकत नसेल, तर थांबवायचा अधिकार मला हवा आहे." पानानं विचारलं, आपली खात्री आहे का. नाकारायचंच असेल तर त्यांनी मला हेच नाकारावं, दुसरं काही मी मागितलं होतं असं कुठल्याही रेकॉर्डला राहायला नको. मी हो दाबलं आणि भाभींना बाहेर आणत होते तिकडं गेले.